आमवाताचा रुग्ण आणि त्याचे हृदय

माधवकरांनी आमवाताचे वर्णन करताना हृदयाचे गौरव आणि बळावलेल्या अवस्थेतील हृद्ग्रह यांचा उल्लेख केला आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे तंतोतंत आमवातच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु असे रुग्ण आपल्याकडे आमवाताचे म्हणूनच येतात. ते सांधे दाखवतात, आपणही सांधेच पाहतो.

या रुग्णांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. वर्षानुवर्षे धुमसणारा शोथ केवळ संधींपुरता मर्यादित राहत नाही. तो रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरासही इजा करतो. खरी अडचण आहे ती धोका ओळखण्याची. चालताना छातीत दुखणे ही हृदयविकाराची नेहमीची सूचना. पण ज्याचे गुडघे-घोटे सुजलेले आहेत तो जिना चढतच नाही, मग ती सूचना मिळणार कशी? खांद्यातील वा डाव्या हातातील वेदना तर सहजच वाताच्या खाती जमा होते. म्हणून नवी धाप, अकारण थकवा, जबड्यात वा हातात येणारी वेदना यांची चौकशी मुद्दाम करावी. संशय आल्यास हृदयरोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे, साधा ई.सी.जी. निर्दोष आला म्हणून निश्चिंत राहू नये.

रक्ततपासणीतही एक चकवा आहे. शोथ तीव्र असताना कोलेस्टेरॉल खाली उतरते. अहवाल चांगला दिसतो, धोका मात्र वाढलेला असतो. तेव्हा ही तपासणी व्याधी शांत असताना करावी आणि एकूण कोलेस्टेरॉलचे एच.डी.एल.शी असलेले प्रमाणही पाहावे. सी.आर.पी. सांध्यांमुळेच वाढलेले असल्याने त्यावरून हृदयाचा निष्कर्ष काढता येत नाही.

युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेच्या २०१५-१६ च्या शिफारशींनुसार दर पाच वर्षांनी तरी धोक्याचे गणित मांडावे व येणाऱ्या आकड्यास १.५ ने गुणावे. ८ टक्के आले तर १२ टक्के धरावे. ‘क्यूरिस्क-३’ सारख्या गणितात ही व्याधी आधीच समाविष्ट आहे, तेथे पुन्हा गुणू नये. रक्तदाब व रक्तशर्करा पाहणे ओघाने आलेच. तंबाखूविषयी विचारताना आपल्याकडील स्त्रियांना मिश्रीबद्दल वेगळे विचारावे. ‘तंबाखू खात नाही’ असे सांगणारी स्त्री मिश्री लावत असू शकते, आणि या व्याधीत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटी-तिपटीने अधिक आहे.

औषधालय चालवणाऱ्या बंधूंचा संबंध येथे थेट येतो. दुखण्यावर डायक्लोफेनॅकची पट्टी मागणारा ग्राहक रोजचाच. २०१३ साली युरोपीय औषध नियामकांनी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांना हे औषध देऊ नये, असे स्पष्ट केले. ॲस्पिरिन घेणाऱ्याने आयबुप्रोफेन घेतल्यास ॲस्पिरिनचा रक्षक परिणाम उणावू शकतो. ‘लगेच गुण’ देणाऱ्या बिनलेबलाच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. असा माल दुकानात ठेवूच नये. आपल्या द्रव्यांबाबतही डोळसपणा हवा: यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते.

मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या रुग्णास आपली चिकित्सा सुरू करताना ते परस्पर बंद करावयास सांगू नये. शोथ आटोक्यात राहणे हीच हृदयाचीही राखण आहे.