परवान्याची बंदूक परराज्यात नेताना

सामानाच्या ट्रकमध्ये बंदूक टाकून निर्धास्त होऊ नका. थोडेसे अज्ञान थेट कोर्टाची पायरी चढायला लावू शकते.

बदली झाली, निवृत्तीनंतर गावी परतायचे ठरले किंवा वडिलांच्या पश्चात घर आवरायची वेळ आली, की सामानाच्या बांधाबांधीत सर्वांत शेवटी आठवते ती कपाटातली बंदूक. कुणाची शेतराखणीसाठी घेतलेली बारा बोअरची दुनळी, तर कुणाचे स्वसंरक्षणासाठी घेतलेले रिव्हॉल्व्हर. मग कुणीतरी सहज म्हणते, ''गादीत गुंडाळून ट्रकमध्ये टाका, परवाना आहे ना!''

चूक होते ती इथेच. परवाना असतो तो माणसाच्या नावाचा. ट्रकचालकाकडे तो नसतो. शस्त्र कायदा, १९५९ नुसार विनापरवाना बंदूक बाळगणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ ते कमाल ५ वर्षांची कैद आणि दंड होऊ शकतो. नाक्यावर झडती झाली तर तो बिचारा चालक अडकतो आणि पाठोपाठ तुम्हीही.

आधी परवाना नीट वाचा

परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हे लिहिलेले असते. तो जिल्ह्यापुरता, राज्यापुरता किंवा संपूर्ण भारतासाठी असू शकतो. महाराष्ट्रापुरताच परवाना असलेली बंदूक घेऊन इंदूर किंवा हैदराबादला जाणे हा परवान्याच्या अटींचा भंग ठरतो. म्हणून निघण्यापूर्वीच परवाना देणाऱ्या कार्यालयात क्षेत्रवाढीसाठी अर्ज करा. परवान्याची मुदत आणि त्यावरचा विशिष्ट ओळख क्रमांकही तपासा.

स्वतःच सोबत न्या

बंदूक टपालाने किंवा कुरिअरने पाठवण्याचा विचार सोडून द्या. काडतुसांत स्फोटक दारू असते. परवानाधारकाच्या लेखी संमतीने दुसऱ्याला शस्त्र नेता येते, पण ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी. घरसामान हलवणाऱ्या कंपनीला ही सवलत लागू होत नाही.

प्रवासात बंदूक रिकामी ठेवा, काडतुसे वेगळी बांधा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेले असले पाहिजे. मूळ परवाना मात्र हाताशी ठेवा.

विमानाने जाणार असाल तर शस्त्र केबिनमध्ये नेता येत नाही. चेक-इनच्या वेळी ते जाहीर करून, रिकामे असल्याची खात्री करून देऊन सामानात द्यावे लागते. काडतुसे साधारणपणे ५० पर्यंतच नेता येतात. विमान कंपनीला आधी विचारा, विमानतळावर नेहमीपेक्षा लवकर पोहोचा.

जिथे जात आहात तिथे निवडणूक किंवा जमावबंदी नाही ना, याचीही चौकशी करा. अशा काळात परवानाधारकांनाही शस्त्र जमा करण्याचे किंवा न बाळगण्याचे आदेश निघतात.

नव्या गावी गेल्यावर

मुक्काम कायमचा किंवा दीर्घकाळाचा असेल तर ३० दिवसांच्या आत नव्या आणि जुन्या, दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना लेखी कळवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

घरातला कर्ता गेल्यावर

सर्वांत जास्त गफलत होते ती इथे. पतीच्या निधनानंतर त्यांची बंदूक आठवण म्हणून बरोबर घेऊन परराज्यात मुलाकडे राहायला जाणाऱ्या आईचा हेतू कितीही निर्मळ असो, कायद्याच्या दृष्टीने ते शस्त्र विनापरवाना ठरते. अशा वेळी विलंब न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. मुलाला ते हवे असेल तर त्याने आपल्या राहत्या ठिकाणी वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करावा. परवाना हाती येईपर्यंत बंदूक जमाच राहू द्यावी. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्काची बंदूकही त्यातच मोजली जाते, हेही ध्यानात असू द्या.

परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर त्याच्या हयातीतच ते वारसाच्या नावे करण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. घरात बंदूक असेल तर हा विषय वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलून वेळीच मार्गी लावा. दुःखाच्या दिवसांत घरच्या बाईवर पोलीस ठाण्याच्या खेपा घालण्याची पाळी येणार नाही.