हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला असेल तर
‘रेशनकार्डाचं काम आहे’ म्हणून बौद्धिक दिव्यांग बहिणीला दुय्यम निबंधकाकडे नेतात, कॅमेऱ्यासमोर बसवतात, अंगठ्याचा ठसा घेतात. पुढे सातबाऱ्यावरून तिचं नाव निघतं. असं घडल्याचा संशय असेल तर घरच्यांनी हातपाय गाळू नयेत. व्यवहार समजण्याची कुवतच नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तो करार टिकत नाही.

फेरफाराच्या नोटिशीवर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. पोच घ्याच. कायद्याने तोंडी हरकतही देता येते, पण लेखीच द्यावी. मात्र हरकतीने नोंदणीकृत दस्त रद्द होत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. दाव्याची मुदत ३ वर्षं. फसवणूक दडवून ठेवली असेल तर ती उघड झाल्यापासून.

अशा बहिणीची मिळकत सांभाळायला पालकही नेमून घेता येतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली स्थानिक स्तर समिती पालक नेमते. नेमणुकीपासून ६ महिन्यांत स्थावर मिळकतीची यादी देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पालकच मिळकत लाटत असेल, तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला हटवण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकते.