पिकाचा नकाशा घरीं करावा कीं बाहेरून मागवावा?

उपग्रहाच्या चित्रावरून पिकाचा जोम ओळखतां येतो, हें आतां पुष्कळ शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेंतील पहिला उपग्रह २०१५ सालीं व दुसरा २०१७ सालीं अंतराळांत गेला. या मालिकेमुळें सुमारें दर पांच दिवसांनीं शेताचें चित्र विनामूल्य मिळतें. त्यांतील बारीक चौकोन दहा मीटरांचा असून एका एकरांत असे चाळीस चौकोन बसतात. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषतें व अदृश्य असा अवरक्त प्रकाश परत फेकतें. या दोहोंच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेनें भागलें कीं हिरवेपणाचा अंक निघतो.

हा हिशेब करण्याच्या रीती दोन. क्यूजीआयएस हें विनामूल्य सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर बसवून चित्रें उतरवून घ्यावीं, ही पहिली. गूगल अर्थ इंजिनसारख्या दूरच्या सेवेकडून इंटरनेटवर तो करवून घ्यावा, ही दुसरी.

दुसरी रीत प्रथमदर्शनीं सोपी. एकेक मूळ चित्र शेंकडों मेगाबाइटांचें असल्यानें खेड्यांतील मंद इंटरनेटवर तें उतरविणें जिकिरीचें होतें. सेवेंत मात्र मागील वर्षांचीं चित्रेंही तयार असतात व साधा संगणक पुरतो.

परंतु तेथील अटी आपल्या हातीं नसतात. गूगलनें २०२२ पासून व्यापारी उपयोगास शुल्क लावलें. २०२३ सालीं सेंटिनेलचीं चित्रें देणारें जुनें केंद्र बंद होऊन नवें सुरू झालें. ज्यांचें काम जुन्या पत्त्यास जखडलें होतें त्यांस तें नव्यानें जुळवावें लागलें. ज्यांनीं चित्रें जपलीं होतीं, त्यांचे नकाशे पूर्ववत् उघडत राहिले. पिकाच्या नकाशाचें खरें मोल वर्षावर्षांच्या तुलनेंत आहे. मागील वर्षें हरवलीं तर यंदाच्या अंकास अर्थ उरत नाहीं.

म्हणून संस्थांनीं शेतांच्या सीमा व तयार नकाशे आपल्याच संगणकांत ठेवावे, त्यांची दुसरी प्रत निराळ्या जागीं असावी आणि काम निदान दोघां सभासदांस शिकवावें. नवे प्रयोग सेवेवर खुशाल करावे. पावसाळ्यांत ढगांआडचें शेत मात्र कोणत्याच रीतीनें या चित्रांत दिसत नाहीं. तेव्हां बांधावरून फिरणें सुटत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

कालव्याचें पाणी जरूर घ्यावें. पण त्याच्या भरंवशावर घरची विहीर बुजवूं नये.