भुयारी रेल्वे अडली तर वळसा कुठून घ्यायचा? न्यूयॉर्कचा अनुभव आणि मुंबई-पुण्याच्या मेट्रोपुढचा प्रश्न

पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला की एसटीपुढे दोनच पर्याय उरतात. दुसरा रस्ता असेल तर गाडी फाट्यावरून वळून लांबून येते. नसेल तर अलीकडच्या गावातूनच माघारी फिरते आणि पलीकडची गावं तुटतात. ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी नसलेल्या रस्त्यावरून गाडी नेता येत नाही.

शहरातल्या भुयारी रेल्वेचंही तसंच आहे. उलट तिथे अडचण जास्त. जमिनीखाली दुसरा रस्ता आयत्या वेळी सापडत नाही, तो बोगदा खणतानाच करून ठेवावा लागतो.

हा विषय आता फक्त शहरवाल्यांचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्थानकं आहेत आणि त्यातली २६ जमिनीखाली. मंत्रालयात काम असलेला शेतकरी, हायकोर्टाची तारीख असलेला माणूस, नातेवाइकाला दवाखान्यात दाखवायला आलेलं कुटुंब, परीक्षेला निघालेली पोरं, सगळेच आता या गाडीत बसणार. गाडी मध्येच थांबली तर काय होतं, हे त्यांनाही ठाऊक असलेलं बरं. त्यासाठी आधी न्यूयॉर्ककडे बघू. तिथली भुयारी रेल्वे १९०४ पासून चालू आहे आणि अडथळ्यांचा तिचा अनुभव दांडगा आहे.

चार रूळ असले की गाडी थांबत नाही

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला ४७२ स्थानकं आहेत आणि ती चोवीस तास चालते. तिथल्या बऱ्याच मुख्य मार्गांवर दोन नाही, चार रूळ आहेत. दोन धीम्या गाड्यांना, दोन जलद गाड्यांना. एका रुळावर गाडी बंद पडली की मागच्या गाड्या शेजारच्या रुळावर काढतात. जलद गाडी काही अंतर धीमी होते, पण चालत राहते.

मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांना हे नवीन नाही. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला की 'जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या आहेत' अशी घोषणा होते. प्रवास लांबतो, पण माणूस पोहोचतो. हार्बर मार्गावर मात्र जाण्याला एक आणि येण्याला एक असे दोनच रूळ आहेत. तिथे ब्लॉक लागला की तेवढ्या भागातल्या गाड्या सरळ रद्द होतात.

एक बोगदा बंद, दुसऱ्यातून गाडी

न्यूयॉर्कची दुसरी ताकद म्हणजे मार्ग एकमेकांना जोडलेले आहेत. मॅनहॅटन आणि ब्रुकलिन या शहराच्या दोन भागांच्या मधे ईस्ट नदी आहे. नदीखालून अनेक बोगदे जातात आणि पुलांवरूनही गाड्या जातात. 'ए' गाडीचा नेहमीचा बोगदा कामासाठी बंद ठेवला, तर ती 'एफ' गाडीच्या बोगद्यातून ब्रुकलिनला जाते आणि पलीकडे निघाली की परत आपल्या मार्गाला लागते. नदीच्या दोन्ही बाजूंना रुळांची जोडणी आहे म्हणून हे जमतं.

पण वळशाची किंमत कुणीतरी मोजतोच. 'ए' गाडी दुसऱ्या बोगद्यातून गेली की मधली फुल्टन स्ट्रीटसारखी गर्दीची स्थानकं तिला लागत नाहीत. तिथल्या प्रवाशाला दुसरी गाडी शोधावी लागते. बायपासने निघालेली एसटी गावाच्या स्टँडवर येत नाही, त्यातलाच प्रकार.

या जोडण्या मोठ्या संकटातही कामाला आल्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जागतिक व्यापार केंद्राच्या इमारती कोसळल्या आणि खालून जाणाऱ्या '१' क्रमांकाच्या गाडीचा बोगदा दबला. ही गाडी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला संपायची. ते टोक तुटल्यावर तिला अलीकडेच शेजारच्या रुळांवर घेऊन ब्रुकलिनला नेलं. वर्षभर ती तशीच धावली. सप्टेंबर २००२ मध्ये बोगदा दुरुस्त झाला तेव्हा ती मूळ मार्गावर आली. कोर्टलँड स्ट्रीट हे तिथलं स्थानक उघडायला मात्र २०१८ साल उजाडलं.

जिथे वळसाच नाही

त्याच शहरात उलटं उदाहरणही आहे. 'एल' नावाची गाडी मॅनहॅटन आणि ब्रुकलिनच्या दरम्यान दोनच रुळांवर चालते. अडचण आली तर प्रवासी घेऊन दुसऱ्या बोगद्यात वळायची सोय तिला नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं आणि नदीखालच्या बोगद्यांत समुद्राचं खारं पाणी शिरलं. पाणी उपसलं, गाड्या सुरू झाल्या. पण मिठाने केबल आणि काँक्रीट आतून खाल्लं होतं. 'आर' गाडीचा बोगदा त्यासाठी ऑगस्ट २०१३ पासून वर्षाहून जास्त काळ बंद ठेवावा लागला. 'आर'च्या प्रवाशांना नदीपलीकडे न्यायला दुसऱ्या गाड्या होत्या, त्यामुळे ते निभावलं.

'एल'च्या बोगद्यातून मात्र रोज सुमारे सव्वादोन लाख लोक जायचे. एप्रिल २०१९ पासून तो पंधरा महिने पूर्ण बंद ठेवायचं ठरलं होतं. एवढ्या माणसांना बस, फेरीबोट आणि इतर गाड्यांत कसं कोंबायचं, या चिंतेने शहर हैराण झालं. अखेर जानेवारी २०१९ मध्ये गव्हर्नरांनी पूर्ण बंदची योजना रद्द केली. कामाची पद्धत बदलली, रात्री आणि शनिवार-रविवारी दुरुस्ती केली आणि एप्रिल २०२० मध्ये काम संपलं. चार रूळ असते तर ही पाळीच आली नसती.

जोडणीचा तोटाही आहे

मग सगळे मार्ग एकमेकांना जोडून टाकले की झालं, असं वाटेल. तसंही नाही. चार-पाच मार्गांच्या गाड्या एकाच ठिकाणी एकमेकींना ओलांडत असतील, तर एकीचा उशीर सगळ्यांना लागतो. एका चारीवर पाच शेतकऱ्यांच्या पाळ्या असल्या आणि पहिल्याने तासभर जास्त पाणी घेतलं की शेवटच्याची पाळी रात्रीत जाते, तसंच.

ब्रुकलिनमधला डीकॅल्ब अव्हेन्यूचा जंक्शन यासाठी बदनाम आहे. त्यामुळे तिथल्या जाणकारांत दोन मतं आहेत. एक गट म्हणतो, रोजच्या वेळापत्रकात मार्ग वेगळे ठेवा म्हणजे गाड्या वेळेवर आणि जास्त सुटतील. दुसरा म्हणतो, प्रवाशाला एकाच गाडीत बसून थेट जाता आलं पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये 'एफ' आणि 'एम' या गाड्यांनी कामाच्या दिवशी दिवसाच्या वेळेत आपले नदीखालचे बोगदे अदलाबदल करून घेतले. गाड्यांनी एकमेकींची वाट कमी अडवावी हाच त्यामागचा हेतू.

यातून निघणारा मधला मार्ग असा: रोज गाड्या आपापल्या रुळावर चालवाव्यात, पण जोडणी तयार ठेवावी. १९६७-६८ मध्ये न्यूयॉर्कने क्रिस्टी स्ट्रीटखाली रुळांच्या जोडण्या सुरू केल्या. त्यातली विल्यम्सबर्ग पुलाकडे जाणारी शाखा १९७६ नंतर प्रवासी गाड्यांसाठी पडून राहिली. पैसे वाया गेले असंच कुणालाही वाटलं असतं. २०१० मध्ये खर्च वाचवण्यासाठी गाड्या कमी करायची वेळ आली, तेव्हा 'एम' गाडी त्याच जोडणीवरून वळवली. चौतीस वर्षांनी ते रूळ कामाला आले.

नव्या मार्गांबद्दल शंका का?

न्यूयॉर्कमध्ये सेकंड अव्हेन्यूखालून रेल्वे न्यायची चर्चा शंभर वर्षांपासून आहे. १९७२ मध्ये खोदाई सुरू झाली, १९७५ मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाली आणि काम थांबलं. पहिला टप्पा उघडला १ जानेवारी २०१७ रोजी. तीन नवी स्थानकं, जेमतेम तीन किलोमीटर आणि खर्च सुमारे साडेचारशे कोटी डॉलर. दुसऱ्या टप्प्यात आणखी तीन स्थानकं आहेत आणि अंदाज सुमारे ७७० कोटी डॉलरचा. जून २०२४ मध्ये राज्याने मॅनहॅटनमधल्या मोटारींवरचा प्रवेशकर लांबणीवर टाकला, त्या पैशावर अवलंबून असलेलं हे काम लगेच थांबलं. जानेवारी २०२५ मध्ये कर सुरू झाला, काम पुढे सरकलं. नंतर केंद्र सरकारच्या निधीवरून पुन्हा वाद झाला.

पैशाचा प्रश्न आहेच. पण दुसरी शंका रुळांची आहे. एवढा खर्च करून हा मार्ग दोनच रुळांचा आहे. जुन्या पिढीने चार रूळ टाकले, नव्या पिढीला दोनच परवडतात. म्हणजे जाळं वाढतं, पण वाढलेल्या भागात वळसा नाही.

अर्धवट विस्ताराचा अनुभवही त्यांना आहे. नदीखालून क्वीन्स भागात जाणारा ६३व्या स्ट्रीटचा बोगदा १९८९ मध्ये सुरू झाला. पण पलीकडच्या मुख्य मार्गाला तो जोडलाच नव्हता. एका स्थानकावर जाऊन संपायचा. लोक त्याला 'कुठेच न जाणारा बोगदा' म्हणून हिणवायचे. डिसेंबर २००१ मध्ये जोडणी झाली आणि तोच बोगदा मोलाचा ठरला. आज शेजारचा बोगदा अडला की गाड्या इथून वळवतात. बोगदा पूर्वीचाच होता, मधला छोटा तुकडा तेवढा नवा.

मुंबई-पुण्याचं काय?

मुंबईत मेट्रोचे मार्ग एकामागून एक उघडत आहेत. पहिला वर्सोवा-घाटकोपर मार्ग जून २०१४ मध्ये सुरू झाला. तो मेट्रो ३ ला मरोळ नाक्याजवळ भेटतो. पण तिथे भेटतो तो प्रवासी. उतरून, चालत जाऊन दुसरी गाडी पकडायची. या दोन मार्गांत एकाची गाडी प्रवाशांसह दुसऱ्यावर वळत नाही.

मेट्रो लोकलच्या रुळांवरही जाऊ शकत नाही. लोकलच्या दोन रुळांतलं अंतर १,६७६ मिलिमीटर आहे, मेट्रोचं १,४३५. पुण्यात तर आणखी एक अडचण आहे. पिंपरी-चिंचवड आणि वनाजकडच्या सुरू असलेल्या मार्गांवर वीज वरच्या तारेतून मिळते. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गासाठी मात्र रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून वीज घेण्याची रचना निवडली आहे. एकाची गाडी दुसऱ्यावर चालणार कशी?

वळसा नसला की काय होतं, ते मेट्रो ३ वर पहिल्याच पावसात दिसलं. २६ मे २०२५ रोजी वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी घुसलं. हे स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. गाड्या आरेपासून वरळीपर्यंतच चालवून तिथून माघारी फिरवल्या. तेव्हा अत्रे चौक हे शेवटचंच स्थानक होतं म्हणून बाकीची सेवा वाचली. आता मार्ग कफ परेडपर्यंत गेला आहे. मधलं स्थानक अडलं तर दोन्हीकडचे तुकडे वेगवेगळे चालवावे लागतील. त्यासाठी रूळ बदलून गाडी उलट फिरवण्याच्या जागा मधेमधे किती आहेत, यावर सगळं अवलंबून राहील.

याउलट उदाहरण आपल्याच लोकलचं आहे. ठाणे ते दिवा दरम्यान पाचवा आणि सहावा रूळ फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. नवं स्थानक नाही, पण मेल-एक्सप्रेस आणि लोकलला तिथे वेगळी वाट मिळाली.

मेट्रो ३ वर ३७ हजार कोटींहून जास्त खर्च झाला. तो राज्याच्या आणि देशाच्या तिजोरीतून आणि कर्जातून झाला, म्हणजे त्यात तालुक्यातल्या माणसाचाही वाटा आहे. म्हणून नव्या मार्गाची घोषणा झाली की 'किती किलोमीटर?' यासोबत आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. मधे अडथळा आला तर गाडी कुठून फिरेल? हा मार्ग दुसऱ्याला रुळाने जोडलाय की फक्त जिन्याने? आणि पाणी शिरू नये म्हणून काय केलंय?

मुंबईला जाताना हे लक्षात ठेवा

- मेट्रो ३ बंद पडली तर लोकल हाच पहिला पर्याय. सीएसएमटी, चर्चगेट, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी आणि दादर इथे लोकलचं स्टेशन जवळ आहे.
- वरळी, सिद्धिविनायक भागात अडकलात तर बसने किंवा टॅक्सीने दादर गाठा.
- रविवारी जायचं असेल तर मेगाब्लॉकची वेळ आदल्या दिवशी बघा. हार्बरने पनवेल किंवा वाशीकडे जाणाऱ्यांनी तर नक्कीच.
- कोर्टाची तारीख, परीक्षा किंवा डॉक्टरची वेळ असेल तर पावसाळ्यात एक तास हाताशी ठेवा.
- भुयारात फोनला रेंज मिळेलच असं नाही. उतरायचं स्थानक आणि पर्यायी मार्ग कागदावर लिहून खिशात ठेवा, विशेषतः सोबत म्हातारं माणूस असेल तर.