दिसणाऱ्या अक्षरांत दडलेला मजकूर

 किनवट परिसरातील माहूर हे दत्तात्रेयांचे स्थान महानुभाव पंथीयांना पूज्य असून त्यांच्या पंचकृष्णांमध्ये माहूरच्या दत्तात्रेयांची गणना होते. मराठीत मजकूर दडवून ठेवण्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत दीर्घकाळ टिकलेली परंपरा याच पंथाची आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी एकत्र करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जातो. परंतु पंथाबाहेरच्या वाचकाला धर्मग्रंथ कळू नयेत म्हणून चौदाव्या शतकापासून ते सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवले जाऊ लागले. सकळ लिपीचे तत्त्व एका अक्षराऐवजी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहिण्याचे आहे, त्यामुळे पोथी समोर असूनही, संकेताची किल्ली ज्याच्याजवळ नाही त्याच्या हाती अर्थ लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी ही किल्ली पंथाबाहेर आली, तोपर्यंत सुमारे सहाशे वर्षे मराठी वाचक आपल्याच भाषेच्या पहिल्या गद्यग्रंथाला पारखा राहिला, आणि ही हानी लहान म्हणता येणार नाही.

सकळ लिपीने अर्थ झाकला, पण काहीतरी झाकले आहे हे झाकले नाही. या पहिल्या प्रकाराला कूटलेखन म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात मजकूर अगदी साधा आणि वाचनीय असतो, व त्याच्या आत दुसरा निरोप आहे अशी शंकाच कोणाला येत नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली, दासाच्या मुंडण केलेल्या डोक्यावर निरोप गोंदून केस वाढल्यावर त्याला रवाना केल्याची हकिगत याच दुसऱ्या प्रकारातली आहे. संगणकावरील साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, म्हणजे चित्र वा सजावट नसलेल्या निव्वळ अक्षरांच्या फाइलमध्येही, हे करता येते. संगणक प्रत्येक अक्षर शून्य आणि एक या दोन अंकांच्या रांगेत साठवतो, तेव्हा डोळ्याला न दिसणारा कोणताही दुहेरी पर्याय निरोप वाहू शकतो: ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा सोडली तर शून्य आणि दोन सोडल्या तर एक, असा संकेत दोघांनी ठरवला की काम भागते. युनिकोड या अक्षरसंकेतात देवनागरीच्या मुख्य विभागाला 128 जागा आहेत, म्हणून त्यातील एक चिन्ह ओळखण्यास असे सात अंक पुरतात. ‘माहूर’ हा शब्द काना आणि ऊकार धरून पाच चिन्हांचा असल्याने तो दडवण्यास 35 ओळींची फाइल लागते.

मराठीत मात्र याहून सूक्ष्म जागा भाषेनेच तयार ठेवली आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा भेद मराठीत फक्त रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांनी दाखवला जातो. हा अर्धा ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो, एकतर नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे शून्य रुंदीचे, पडद्यावर कधीही न दिसणारे जोडचिन्ह देऊन. दोन्ही रूपे सामान्यतः सारखीच दिसतात, म्हणून ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा प्रत्येक शब्दात शून्य किंवा एक ठेवता येतो, आणि फाइल तपासणाऱ्यालाही हा केवळ टंकलेखनाच्या सवयीतला फरक वाटू शकतो. संशय घेणाऱ्याने फाइलमधली सगळी अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकली, तर निरोप जाईलच, पण या रूपात लिहिलेल्या दऱ्यांचाही दर्या होईल. एखाद्या परभाषेसाठी बनवलेली सफाईची आज्ञावली मराठी मजकुरावर चालवणे म्हणूनच धोक्याचे असते.

शोध घेणे अशक्य मात्र नाही. युनिकोड साठवण्याच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटची जागा घेते आणि ते अदृश्य जोडचिन्हही तितकीच, त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या दोन प्रती आकाराने वेगळ्या भरतात. शिवाय एकाच लेखकाने एकाच परिच्छेदात अर्धा ‘ऱ’ कधी या रीतीने तर कधी त्या रीतीने लिहावा, हे जाणकाराला खटकते. ज्याला खात्री हवी त्याने निरोप आधी कूटलेखनाने बदलून मगच दडवावा, म्हणजे जागा सापडली तरी अर्थ सापडत नाही.

तरीही महानुभावांच्या पोथीला जे साधले ते फाइलला साधत नाही. पोथीवरचे सांकेतिक अक्षर नकलाकाराने अर्थ न कळताही जसेच्या तसे उतरवले तरी पुढच्या पिढीच्या हाती पोहोचते. फाइल कागदावर छापली, किंवा कोणी ती पाहून पुन्हा टंकित केली, की दिसणारा मजकूर संपूर्ण उरतो आणि दडवलेला पूर्णपणे नाहीसा होतो. राजवाड्यांसारख्या संशोधकाला त्या कागदावर उलगडण्यासाठी एकही खूण मिळणार नाही.