मिनुसिन्स्कचं संग्रहालय: औषधवाल्याने मांडलेला गावाचा संसार

निकोलाय मार्त्यानोव्ह 1874 मध्ये मिनुसिन्स्कला आला तो औषधं बनवून विकायला. वनस्पती गोळा करण्याचा त्याला जुना नाद. दक्षिण सायबेरियातल्या, येनिसेई नदीकाठच्या या आडगावात त्याने तीनच वर्षांत, 1877 मध्ये, सार्वजनिक संग्रहालय उभं केलं. पुढच्या वर्षी ग्रंथालयही सुरू झालं.

वस्तू आणल्या त्या लोकांनी. हे सगळं खोरं प्राचीन दफनटेकड्यांनी भरलेलं. शेतकऱ्याच्या नांगराला कांस्याचा सुरा लागायचा, कधी बाणाचं टोक. एरवी भंगारात वितळून गेल्या असत्या अशा या वस्तू मार्त्यानोव्हकडे येऊ लागल्या. त्यांच्या शेजारी त्याने दगड, धान्य, शेतीची अवजारं, इथल्या मूळच्या खाकास लोकांचे पोशाख आणि घरातल्या वस्तूही मांडल्या. आजच्या माणसाचा संसार त्याने हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोडीचा मानला, आणि मला या संग्रहालयाचं खरं मोठेपण तिथेच दिसतं.

नोंदी ठेवायला हात मिळाले ते राजकीय कैद्यांचे. झारच्या सरकारने क्रांतिकारकांना शिक्षा म्हणून इकडे धाडलं होतं. त्यांपैकीच एक दिमित्री क्लेमेंट्स. त्याने लिहिलेलं इथल्या पुरावस्तूंचं पुस्तक 1886 मध्ये छापून आलं आणि अभ्यासकांना या खोऱ्याची ओळख झाली. हद्दपारीची व्यवस्था तपासायला सायबेरियात आलेला अमेरिकन पत्रकार जॉर्ज केनन यानेही या संग्रहालयाबद्दल लिहून ठेवलं आहे. शुशेन्स्कोये या जवळच्या खेड्यात 1897 ते 1900 हद्दपार असलेला लेनिन इथल्या पुस्तकांचा वाचक होता.

लोकांच्या देणग्यांतून 1890 च्या सुमारास विटांची इमारत झाली. मार्त्यानोव्ह 1904 मध्ये वारला. संग्रहालय आज त्याच्याच नावाने चालतं.

जाणाऱ्यांनी विमानाने अबाकानला उतरावं. मिनुसिन्स्क येनिसेईच्या पलीकडच्या अंगाला आहे. उन्हाळ्याच्या शेवटी गेलात तर इथले प्रसिद्ध टोमॅटो बाजारात असतात. संग्रहालयात मात्र घाई नको. चेहरे कोरलेले उंच शिलास्तंभ आधी पाहा आणि मग ताश्तिक काळातल्या मृतांचे जिप्समचे मुखवटे. दीड हजार वर्षांपूर्वी इथे राहून गेलेल्या माणसांची नाकं, गालफडं, मिटलेले ओठ त्यांत ओळखू येतात. या खोऱ्यातल्या जुन्या रहिवाशांची भेट घ्यायची तर ती तिथेच घ्यावी.