पंचनाम्याचंच हत्यार बिघडतं तेव्हा

2021 साली लिनक्स कर्नलच्या 5.14 या आवृत्तीत एका खान्याचं नाव बदललं. प्रत्येक प्रोसेसची सगळी नोंद कर्नल 'टास्क स्ट्रक्ट' नावाच्या रचनेत ठेवतो. त्यातल्या 'स्टेट' या खान्यात ती प्रोसेस चालायला तयार आहे की कशाची तरी वाट बघत थांबली आहे, हे लिहिलेलं असतं. या 'स्टेट'च्या नावाआधी दोन अंडरस्कोअर आले. कुठल्याही कोडने हा खाना परस्पर वाचू नये, ठरलेल्या वाटेनेच वाचावा, एवढाच त्यामागचा हेतू. कर्नलच्या बाजूने पाहिलं तर बदल अगदी योग्य होता.

त्या कर्नलचा मेमरी डंप 'क्रॅश' या साधनाने उघडायला घेतला, की मात्र काम तिथेच अडायचं. पडद्यावर एक ओळ उमटायची: इनव्हॅलिड स्ट्रक्चर मेंबर ऑफसेट, टास्क स्ट्रक्ट स्टेट. खाली क्रॅशच्याच सोर्समधली फाइल, ओळ आणि फंक्शनचं नाव. म्हणजे सर्व्हर का कोसळला हे शोधायला बसलेल्या माणसाला आधी शोधायचं साधन दुरुस्त करून घ्यावं लागे.

कर्नल कोसळतो तेव्हा नेमकं काय होतं, ते आधी पाहू. केडंपची सोय केलेली असेल तर मशीन सुरू होतानाच मेमरीचा एक तुकडा बाजूला राखून ठेवलेला असतो आणि त्यात दुसरा, छोटा कर्नल आणून ठेवलेला असतो. मुख्य कर्नलने 'पॅनिक' जाहीर केलं की बायोसच्या वाटेला न जाता थेट या दुसऱ्या कर्नलवर उडी मारली जाते. पहिल्या कर्नलची मेमरी जशीच्या तशी शाबूत असते, आणि दुसरा कर्नल ती डिस्कवर उतरवून घेतो. तीच 'व्हीएमकोअर' फाइल. केडंप 2005 साली मुख्य कर्नलमध्ये आलं. चालू कर्नलमधून थेट दुसऱ्या कर्नलवर उडी मारू देणाऱ्या, एरिक बीडरमन यांच्या 'केक्सेक'वर ते उभं आहे, आणि ते उभं करणाऱ्यांत आयबीएमच्या भारतातल्या टीममधले विवेक गोयल यांचा मोठा वाटा आहे.

व्हीएमकोअर म्हणजे निव्वळ बाइट्सचा ढीग. त्यातून प्रोसेसची यादी, प्रत्येकीचा बॅकट्रेस, शेवटचे लॉग, उघड्या फाइली हे सगळं माणसाला वाचता येईल अशा रूपात काढून देतो तो क्रॅश. जुन्या युनिक्समधल्या याच नावाच्या कमांडच्या वळणावर डेव्ह अँडरसन यांनी तो लिहिला. रेड हॅटमध्ये राहून कित्येक वर्षं त्यांनीच तो सांभाळला आणि 2020च्या सुमारास ते निवृत्त झाले. क्रॅशच्या पोटात जीडीबी हा अख्खा डीबगर बसवलेला आहे. कर्नलच्या रचनेत कुठला खाना कितव्या बाइटवर सुरू होतो आणि किती बाइटचा आहे, हे जीडीबी डीबग-इन्फोमधून सांगतो. त्या आकड्यांच्या आधाराने क्रॅश मेमरीत बोट ठेवतो आणि 'इथे प्रोसेसची स्थिती आहे' असं म्हणतो.

बोट दोन बाइटने जरी सरकलं, तरी सगळी साक्ष खोटी.

'स्टेट'चं उदाहरण थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. जुनं नाव सापडलं नाही तर नवं शोध, असं सांगणाऱ्या दोन ओळी घातल्या की एरर गेली, असं कुणालाही वाटेल. पण नावाबरोबर खान्याची मापंही बदलली होती. आधी तो आठ बाइटचा 'लाँग' होता, आता चार बाइटचा 'अनसाइन्ड इंट' झाला. क्रॅशने जुन्या सवयीने आठ बाइट वाचले तर शेजारचे चार बाइटही त्या आकड्यात मिसळतात. इंटेलच्या मशीनवर ते शेजारचे बाइट शून्य असले, तर उत्तर योगायोगाने बरोबर येतं आणि कुणाला संशयही येत नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवर मोठ्या वजनाचा बाइट आधी लिहितात. तिथे शेजारचे बाइट शून्य असले तरी 1 ही किंमत असलेला खाना आठ बाइटचा समजून वाचला, तर 4294967296 असा आकडा समोर येतो. वाट बघत थांबलेली साधी प्रोसेस मग कुठल्याच ओळखीच्या स्थितीत बसत नाही. म्हणून दुरुस्तीत खान्याचं नाव आणि आकार या दोन्ही गोष्टी डीबग-इन्फोला विचारून घ्याव्या लागल्या.

या कामातली खरी जोखीम इथेच आहे. एरर देऊन थांबणारा क्रॅश त्रास देतो, पण फसवत नाही. न थांबता चुकीचं उत्तर देणारा क्रॅश त्याहून कितीतरी घातक. ते उत्तर वाचणारा माणूस मध्यरात्री बंद पडलेल्या सर्व्हरचं कारण शोधत असतो. साधनातला दोष त्याला सर्व्हरचा दोष वाटतो, आणि तो निर्दोष ड्रायव्हरच्या मागे लागतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्लब या मेमरी वाटपाच्या यंत्रणेत सापडतं. मोकळे तुकडे एकमेकांना साखळीने जोडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यात पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता असतो. हल्लेखोराने हे पत्ते बदलून कर्नलचा ताबा घेऊ नये, म्हणून 4.14 पासून ते झाकून ठेवण्याची सोय आली. पत्त्याचा एका गुप्त आकड्याशी आणि तो जिथे लिहिला आहे त्या जागेच्या पत्त्याशी एक्सऑर करायचा. क्रॅशला हे ठाऊक नसेल तर साखळीचा पहिला दुवा ओलांडताच त्याला भलताच पत्ता दिसतो आणि 'फ्री पॉइंटर अवैध' असा इशारा तो देतो. मेमरी मुळीच बिघडलेली नसते, तरी वाचणाऱ्याला मात्र ती बिघडली असं दिसतं.

क्रॅशला हे झाकलेले पत्ते सोडवायला शिकवून ही दुरुस्ती झाली. पुढे 5.7 मध्ये संरक्षण आणखी घट्ट झालं: एक्सऑर करण्याआधी जागेच्या पत्त्यातले बाइट उलट्या क्रमाने लावायचे. रचनेत एकही नवा खाना आला नाही. त्यामुळे डीबग-इन्फोला विचारून हा बदल कळणं शक्यच नव्हतं. आवृत्तीचा आकडा बघावा, तर त्यावरही विसंबता येत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8 चा कर्नल स्वतःला शेवटपर्यंत 4.18 च म्हणवतो, पण त्यात पुढच्या आवृत्त्यांमधले कित्येक बदल मागे आणून बसवलेले असतात. तेव्हा क्रॅशमध्ये एक वेगळी वाट काढली गेली. डंपमधल्या कर्नलच्या फंक्शनचा मशीन कोड उलगडायचा आणि त्यात बाइट उलटवणारी 'बीस्वॅप' ही सूचना आहे का, ते शोधायचं. सापडली तर पत्ता नव्या रीतीने सोडवायचा. कर्नल स्वतःबद्दल काय सांगतो ते बाजूला ठेवून तो प्रत्यक्ष काय करतो ते बघणारा हा उपाय फार सुंदर आहे.

कधी एका खान्यावर भागत नाही. 5.10 मध्ये लॉगचा बफर मुळापासून नव्याने लिहिला गेला आणि क्रॅशची 'लॉग' कमांड आंधळी झाली. नव्या बफरचं काम करणारे जॉन ओग्नेस यांनी क्रॅशसाठीही स्वतःच पॅच लिहून दिला. कर्नल बदलणाऱ्याने त्याचा डंप वाचणाऱ्याचाही विचार केला, याचं मोल मोठं आहे. 6.1 मध्ये प्रोसेसच्या मेमरीचे विभाग जोडणारी जुनी यादी जाऊन त्या जागी 'मेपल ट्री' आलं. विभागामागून विभाग घेत जाणाऱ्या 'व्हीएम' कमांडला धरायला दोराच उरला नाही. तिथे मेपल ट्रीची वाट चालणारा सगळा कोड क्रॅशमध्ये नव्याने आणावा लागला.

दुरुस्ती करणाऱ्याचा दिवस मात्र बराचसा एकाच पद्धतीने जातो. आधी 'स्ट्रक्ट' कमांडने संशयित रचनेचे ऑफसेट काढायचे. मग 'आरडी' कमांडने त्या पत्त्यावरची कच्ची मेमरी हेक्सामध्ये छापून घ्यायची आणि कर्नलचा सोर्स शेजारी उघडून, खाना धरून खाना बोटाने मोजत जायचं. क्रॅश चालू मशीनवरही चालवता येतो, ही मोठी सोय. डंपमध्ये शंका आली तर तोच कर्नल चालू मशीनवर उभा करायचा आणि क्रॅशचं उत्तर 'प्रॉक'मधल्या आकड्यांशी ताडून बघायचं. दोन्हींत फरक आला तर गुन्हेगार बहुतेक वेळा क्रॅशच असतो.

डंप लिहितानाच मेमरीची काही पानं गाळलेली असतात, हेही ध्यानात ठेवावं लागतं. डंप गाळून लिहिणाऱ्या 'मेकडंपफाइल' या साधनाला पातळी 31 सांगितली की शून्यांनी भरलेली पानं, कॅशची पानं, वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमचा डेटा आणि मोकळी पानं वगळली जातात. गाळलेल्या पानाचा पत्ता विचारला तर क्रॅश सहसा 'पान वगळलेलं आहे' असं स्पष्ट सांगतो. त्याऐवजी शून्य देण्याचा पर्यायही त्यात आहे, पण तो विचार करूनच वापरावा. 'इथे शून्य आहे' आणि 'इथलं मला माहीत नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

पॅच लिहिण्याची शिस्तही शिकण्यासारखी. सगळे ऑफसेट एका लांबलचक तक्त्यात ठेवलेले असतात. नवी नोंद तक्त्याच्या शेवटीच जोडायची, ही जुनी रीत. मध्ये घातली तर पुढच्या सगळ्या नोंदी सरकतात, आणि लोकांनी आधी कंपाइल करून ठेवलेली क्रॅशची एक्स्टेन्शन मॉड्यूल्स चुकीच्या जागी वाचू लागतात. पॅच कर्नलच्या आवृत्तीवर न विसंबता शक्यतो 'हा खाना आहे का' या प्रश्नावर उभा करायचा, कारण मागे आणलेल्या बदलांचा अनुभव सगळ्यांनाच आहे.

आणि जुनं काही काढायचं नाही. 2.2.5 पासूनचा कुठलाही लिनक्स कर्नल एकाच क्रॅशने उघडता यावा, हे त्याचं जाहीर उद्दिष्ट आहे. बँकेत, रुग्णालयात, कारखान्यात दहा-दहा वर्षं न हललेली मशीन असतात, आणि त्यांचे डंपही कुणाला तरी वाचावे लागतात. म्हणून 'स्टेट'चं नवं नाव शोधणाऱ्या कोडच्या आधी जुन्या नावाचा कोड तसाच उभा असतो. मेपल ट्रीच्या शेजारी जुनी यादी चालणारा कोडही तसाच. पॅच पूर्ण झाला की इंटेल, आर्म, पॉवर आणि मेनफ्रेम या सगळ्यांचे, जुने-नवे मिळतील तितके डंप उघडून त्याच कमांडा पुन्हा चालवतात. आधीचा आणि नंतरचा निकाल ओळीने ताडून पाहतात. नव्या कर्नलवर जे दुरुस्त झालं, ते जुन्यावर मोडलेलं नाही याची खात्री झाल्याशिवाय पॅच आत घेत नाहीत.